बाबा, पट्टी ओलांडा!

आजचा भाग अकोल्याच्या घरातून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मधेच कुकरची शिट्टी आली तर सांभाळून घ्या.

माझ्या बाबांना पार्किन्सन्स आहे. कळून चार वर्षं झाली. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जातात. मग हात थरथरतो, हालचाल मंदावते, अक्षर बारीक होतं, चेहरा मख्ख दिसायला लागतो. बरा होत नाही, पण गोळ्यांनी बराच ताब्यात राहतो. आयुर्वेदात याला कंपवात म्हणतात. आणि गंमत बघा, शाळेत असताना आपण एकमेकांच्या शर्टात टाकायचो ती खाजकुयली, तिच्या बियांत लेव्होडोपा असतं. बाबांच्या गोळीतलं मुख्य औषध तेच. (म्हणून बिया खायला जाऊ नका हं. पोटात किती गेलं याचा हिशेब लागत नाही.)

पण आमच्या घरात थरथरीपेक्षा जास्त नुकसान लाजेनं केलं. बाबा रोज संध्याकाळी स्टँडवर चहाला जायचे. एकदा कप हिंदकळला, चहा शर्टावर सांडला, आणि कोणीतरी हसून म्हणालं, "काय राव, आज लवकरच बसलात?" गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाला! त्या दिवसापासून स्टँड बंद. मग देऊळ बंद. मग लग्नाला जाणंही बंद.

मी पडलो बीटेक. म्हटलं, ॲप करू. गोळीची आठवण, थरथरीचा ग्राफ, सगळं. तीन महिने रात्री जागून केलं. बाबांनी ते एकदाही उघडलं नाही. थरथरत्या बोटानं एवढंसं बटण दाबायचं कसं, हे मला इंजिनिअर असून सुचलंच नव्हतं.

मग मिलेहा सोनेजी यांचं 2015 चं टेडेक्सचं भाषण पाहिलं. पुण्याच्या डिझायनर, त्यांच्या काकांना पार्किन्सन्स. काका सपाट जमिनीवर अडखळायचे, पण जिना मात्र सहज उतरायचे. म्हणून त्यांनी जिन्याचं नुसतं चित्र जमिनीवर चिकटवलं, आणि काका त्यावरून चालत गेले! पाय अडकला की डोळ्यांना एखादी खूण मिळाल्यावर पाऊल उचलणं सोपं जातं.

आम्ही दुकानातून रंगीत चिकटपट्टी आणली. खाटेपासून मोरीपर्यंत, एकेका पावलाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या मारल्या. बाबा दारात उभे, पाय जणू फरशीला चिकटलेले. म्हटलं, "बाबा, पट्टी ओलांडा." ओलांडली. पुढची ओलांडली. मोरीपर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "एवढंच होतं व्हय?" आई पदर डोळ्याला लावून आत गेली. मी ॲप काढून टाकलं.

सगळ्यांनाच हे लागू पडेल असं नाही. फिजिओथेरपिस्टना विचारून करा, आणि गोळ्या मनानं कमी-जास्त करू नका.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे पेशंट आणि घरची माणसं एकत्र येतात. ऋषिकेश पवार यांनी तर पार्किन्सन्सच्या पेशंटना नाच शिकवलाय. पण अकोल्याहून पुणे म्हणजे एसटीत अख्खा दिवस जातो. रोज कोण जाणार?

मागच्या महिन्यात राजूरकडच्या एका काकांना हेच निदान झालं. त्यांच्या मुलानं माझ्याकडे नंबर मागितला, मी बाबांचा दिला. आता दोघं रोज सकाळी बोलतात. आजारानं बाबांचा आवाज बारीक झालाय, म्हणून मोबाईल अगदी तोंडाशी धरतात. काल बाहेरून ऐकत होतो. आधी गोळी किती वाजता घेतली याची चौकशी, मग कोणाच्या टोमॅटोला काय भाव मिळाला ते, आणि मग बाबा म्हणाले, "कप अर्धाच भरून मागायचा. शनिवारी ये स्टँडवर. सांडला तर दोघांचा सांडंल."