मुकी जखम

गेल्या महिन्यात एका पहाटे आमची मनी लंगडत घरी आली. मागच्या पायाला सूज, केस रक्ताने चिकटलेले. कुत्र्याने धरली, तारेत अडकली, की बोक्याशी भांडली? घरात जितकी माणसे तितके तर्क! मनी मात्र काही सांगेना.

कारण कळले नाही तरी चालते. पण तर्कावर औषध देऊ नये. शेजारच्या काकूंनी मायेने पॅरासिटामॉलची गोळी आणली. माणसाचा ताप उतरवणारी ही गोळी मांजराला पचत नाही. एका गोळीनेही त्याचा जीव जाऊ शकतो. जखमेला फिनाईलही लावू नका. मांजर अंग चाटते नि विष पोटात जाते.

मग करावे काय? रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरा. जाड गोणपाटात गुंडाळून मांजर अलगद टोपलीत ठेवा आणि गुरांच्या दवाखान्यात न्या. दाताचे भोक वरून मिटते, आत पू साचतो. ते डॉक्टरच ओळखतात. नागपुरात तर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे.

या धांदलीत आमच्या धाकट्याला मनीने ओरखडले होते. बोलणी बसतील म्हणून त्याने हात बाहीत लपवला! संध्याकाळी कळले. ओरखडा साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुतला आणि तडक रेबीजची लस टोचून आणली.

मनी आता बरी आहे. गुरुजनहो, वर्गात एवढे जरूर सांगा : जखम मांजर लपवते, पोरांनी लपवू नये. आणि आपण मोठ्यांनी, ती सांगणाऱ्या पोरावर रागावू नये.