ड्रोनची हजेरीवही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फवारणीचा ड्रोन आता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पोरंसोरं मागं धावतात, म्हातारी माणसं कपाळावर हात धरून बांधावर उभी राहतात, आठ-दहा मिनिटांत एकराची फवारणी होते आणि गर्दी पांगते. त्यानंतरचं काम मात्र कोणी पाहत नाही. ते काम म्हणजे उड्डाणाची नोंद, ज्याला आम्ही लॉग म्हणतो, ती इंटरनेटवर चढवणं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यातली. आमच्या महिला बचत गटाला ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून ड्रोन मिळाला आणि गटातर्फे मी तो चालवायला शिकले. केंद्र सरकारनं देशातल्या १५ हजार महिला गटांसाठी ही योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये, असं त्यात अनुदान ठेवलं. यंत्र सरकारी पैशातून आलं म्हटल्यावर त्याचा हिशेबही आला. ड्रोन कुठं उडाला, किती वापरला गेला, याची माहिती ऑनलाइन पोर्टलवर दिसावी, असं योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे.

हा लॉग असतो तरी काय? विमानात ब्लॅक बॉक्स असतो, हे आपण ऐकलेलं आहे. नावाला काळा, खरं तर तो भडक केशरी असतो, म्हणजे अपघातानंतर चटकन सापडावा. ड्रोनच्या पोटातही अशीच एक नोंद चालू असते. उपग्रहांच्या मदतीनं दर क्षणाला तो स्वतःची जागा टिपतो. उंची किती, वेग किती, बॅटरी किती उरली, पंप चालू होता की बंद, औषध किती गेलं, हे सगळं वेळेसकट लिहिलं जातं. फोनच्या पडद्यावर शेताचा नकाशा येतो आणि त्यावर ड्रोनच्या फेऱ्या दिसतात, तिफणीच्या तासांसारख्या एकाला एक लागून.

आपल्या शेतकऱ्याला हे फार परकं वाटायला नको. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि शेतात उभं राहून फोनवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवायची सवय लोकांना लागली. हे त्याच्याच पुढचं पाऊल.

पहिल्या हंगामात मला लॉगचा मोठा कंटाळा यायचा. दिवसभर उन्हात बॅटऱ्या बदलायच्या, टाकी भरायची आणि वर संध्याकाळी रेंज शोधत हिंडायचं! आमच्याकडं शिवारात रेंज असतेच असं नाही. मग डांबरी सडकेवर येऊन, गाडी उभी करून, फाइल चढेपर्यंत थांबायचं. घरी स्वयंपाक वाट बघत असायचा.

त्याची किंमत कळली ती एका भांडणात. एक शेतकरी म्हणाले, “ताई, पैसे तीन एकरांचे घेतले, पण माझा कोपरा कोरडाच आहे.” मी म्हटलं, असं होणारच नाही. त्यांच्यासमोर लॉग उघडला. तर बॅटरी बदलल्यावर ड्रोन पुन्हा सुरू झाला, तिथं दोन फेऱ्यांची जागा मोकळी सुटलेली! मोजलं तर पाच गुंठे भरले. मी खाली मान घालून परत फवारून दिलं. तेव्हापासून ते गृहस्थ दुसऱ्या कोणाला बोलावत नाहीत. चूक दाखवणाऱ्या कागदानंच विश्वास मिळवून दिला.

पण खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. ऑगस्टचा महिना, सोयाबीनवर अळी. एका शेतात फवारून आम्ही परतलो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बांधावरचे मामा गटाच्या दारात आले. त्यांची तुती आहे, रेशमाची शेड आहे. चौथी कात टाकून अळ्या खादाडीला लागल्या होत्या आणि पाला टाकल्यावर एकाएकी वळवळून, तोंडातून हिरवं पाणी सोडून मरायला लागल्या. मामा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, तुमच्या यंत्रानं माझं घर बसवलं.”

त्या दिवशीचा लॉग रेंजअभावी माझ्या फोनमध्येच पडून होता. अजून चढवलेला नव्हता. रात्री गटाची बैठक बसली. एक जण म्हणाली, “चढवूच नको. रेंज नव्हती म्हणून सांगू. नुकसानभरपाई कुठून द्यायची?” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमच्या कर्जाचे हप्ते तिलाही ठाऊक होते. मी फोन हातात घेऊन बराच वेळ बसले. मग वाटलं, कोरड्या कोपऱ्याच्या वेळी हीच नोंद मी पुरावा म्हणून पुढं केली होती. सोयीच्या वेळी पुरावा आणि गैरसोयीच्या वेळी रेंज नाही, असं कसं चालेल?

सकाळी सडकेवर जाऊन लॉग चढवला आणि मामांना, शेतमालकाला बोलावून दाखवला. ड्रोन बांधापलीकडं गेलेला नव्हता. शेवटची फेरी बांधापासून चार मीटर आत होती, उंचीही बरोबर. शेतमालक म्हणाले, “झालं की मग! आपला काही दोष नाही.” पण मामांनी वेळेवर बोट ठेवलं. सकाळी साडेअकरा. “या टायमाला पश्चिमेचा वारा किती असतो, ताई?”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आधीच्या शेतात उशीर झाला म्हणून मी ऊन चढल्यावर फवारणी सुरू केली होती. वारा मोजायचं यंत्र ड्रोनसोबतच मिळतं; ते पेटीतच राहिलं होतं. मामांची तुती पूर्वेला. पाठीवरच्या पंपाला एकरी दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, ड्रोनला जेमतेम दहा. म्हणजे औषध तेवढंच दाट आणि थेंब बारीक. असा थेंब वाऱ्यावर चार मीटर सहज ओलांडतो. ड्रोन कुठून गेला हे लॉगनं चोख सांगितलं. थेंब कुठं पडला हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

माझ्याच फवारणीनं अळ्या मेल्या, हे शंभर टक्के सिद्ध झालं नाही. नाही असंही मला म्हणता आलं नाही. शेवटी मामांच्या पुढच्या बॅचच्या अंडीपुंजांचा खर्च गटानं आणि शेतमालकानं निम्मा निम्मा उचलला. गेलेली बॅच काही परत आली नाही. मामा आजही माझ्याशी मोजकंच बोलतात.

आता मी लॉगच्या जोडीला एक साधी वही ठेवते. फवारणीआधी वाऱ्याचा वेग, दिशा, औषधाचं नाव आणि शेजारी कोण, काय पीक, हे तिच्यात लिहिते. तुती, मधाच्या पेट्या, विहीर किंवा गुरांचा चारा जवळ असेल तर आदल्या दिवशी फोन करते. वारा वाढला तर ड्रोन खाली उतरवते, मग मालक कितीही रागावो.

कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर पाठीवरचा पंपच बरा. मला तसं वाटत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. विषाच्या फवाऱ्यात माणूस चालण्यापेक्षा यंत्र उडालेलं केव्हाही चांगलं. पण पाठीवर पंप असायचा तेव्हा वारा फिरला की आपल्याच तोंडावर यायचा, आणि माणूस आपोआप थांबायचा. ड्रोन चालवणारी मी लांब उभी असते. वारा मला लागत नाही. तो मामांच्या तुतीला लागतो.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींना माझं एवढंच सांगणं आहे. ड्रोनवाला किंवा ड्रोनवाली शेतात आली की दर विचारा, तसाच फवारणी झाल्यावर लॉगही मागा. नकाशा बघा, फेऱ्या मोजा. आणि सुरुवात करण्याआधी आणखी एक प्रश्न विचारा : आज वारा मोजला का? माझ्याकडं काम असेल तर मलाही विचारा. मला राग येणार नाही.