पाटीवरची उर्दू: पुढचं काम आपलं



15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. पण ती उर्दू लांबून वाचता येते का, मराठीशेजारी शोभते का, हे न्यायालय बघणार नाही. ते आपल्याला बघायचं आहे.

फ्लेक्सवर उर्दू अक्षरं सुटी आणि उलट्या क्रमाने छापलेली तुम्ही पाहिली असतील. त्याचं कारण साधं आहे. अरबी लिपीतल्या बहुतेक अक्षरांना चार रूपं असतात: सुटं, शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं. रूपं फॉन्टमध्ये असतात, पण कुठे कोणतं लावायचं ते सॉफ्टवेअर ठरवतं. सॉफ्टवेअरला ते जमलं नाही, की शब्द तुटतो.

दुसरी अडचण फॉन्टची. अरबीची अक्षरं 28. त्यांत पे नाही, गाफ नाही, टे, डाल, ड़े नाहीत. म्हणजे निव्वळ अरबीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये आपलं ‘परभणी’ पहिल्याच अक्षराला अडतं आणि ‘गंगाखेड’ही.

तिसरी अडचण मांडणीची. मराठी अक्षरं शिरोरेषेला लटकतात, उर्दू खालच्या रेषेवर बसते. नस्तालीक तर उतरत्या चालीने जाते. तिला उंची लागते, म्हणून एका ओळीच्या पाटीत ती बारीक करावी लागते.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने यावर एक वाट दाखवली आहे. त्यांच्या ‘बालू’ या जाड, गोलसर फॉन्टची भावंडं अनेक भारतीय लिपींत आहेत. गुजरातीचा ‘बालू भाई’, गुरुमुखीचा ‘बालू पाजी’, बंगालीचा ‘बालू दा’ आणि उर्दूचा ‘बालू भाईजान’! भाईजान नस्ख वळणाचा आहे, त्यामुळे देवनागरी बालूशेजारी एका ओळीत, सारख्याच वजनाने उभा राहतो. जाड अक्षरात नुक्ते रेघेला चिकटून वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये, ही अशा कामातली खरी मेहनत.

आपले वडीलधारे म्हणतील, नस्तालीकशिवाय उर्दू कसली? पुस्तकासाठी, गझलेसाठी त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण चालत्या एसटीतून वाचायच्या पाटीची गरज वेगळी आहे.

हे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. परवाना खुला आहे, त्यामुळे त्यात भर घालून, नवं नाव देऊन ते पुन्हा वाटताही येतात. कोडिंग येणाऱ्यांनी आणि चित्रकला येणाऱ्यांनी एकत्र बसावं असं हे काम आहे.

आणि एवढं तर आजच करा. मोहल्ल्यातली पुढची पाटी किंवा उरुसाचा फ्लेक्स छापायला देण्याआधी ‘परभणी’ आणि ‘गंगाखेड’ उर्दूत टाइप करून बघा. अक्षरं जुळली नाहीत, तर छापू देऊ नका.