अग्निशमन पंप : इंजिनाचा आरंभ आणि पाण्याची चाचणी



मध्य रेल्वेच्या दिवा आणि डोंबिवली या स्थानकांच्या मधले कोपर हे स्थानक दुमजली आहे. खालून मुंबई–कल्याण मार्ग जातो, वरून दिवा–वसई. वरच्या फलाटावरून पाहिले की खाडीकाठच्या या गावाची वस्ती किती उंचावली आहे ते ध्यानात येते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांनी या परिसराला आगीचे रूप दाखविले. परंतु आग केवळ कारखान्यातच लागते असे नाही. बाराव्या मजल्यावर बादलीने पाणी नेता येत नाही. बंब दाटीच्या गल्लीतून पोहोचेपर्यंत इमारतीला स्वतःच्याच हायड्रंटवर भिस्त ठेवावी लागते.

हायड्रंटला पाणी देणारा मुख्य पंप सहसा विजेवर चालतो. पण आगीच्या वेळी वीज तोडावी लागते; पंपाचा जोड स्वतंत्र असला तरी साऱ्या भागाचाच पुरवठा खंडित होऊ शकतो. म्हणून शेजारी डिझेलचा पंप ठेवतात. वर्षातले जवळजवळ सर्व दिवस तो निश्चल असतो. नेमके येथेच दुर्लक्ष होते. इंजिन दोन मिनिटे घरघरले, धूर निघाला, की पंप ठीक असल्याची नोंद होते. वस्तुतः इंजिन चालणे ही निम्मी गोष्ट. पंप किती पाणी, किती दाबाने देतो, हे त्यातून मुळीच कळत नाही.

चाचणीपूर्वी रहिवाशांना व पहारेकऱ्यांना पूर्वसूचना द्यावी, कारण दाब उतरताच धोक्याची घंटा वाजू शकते. नियंत्रण पेटीवरील निवडीची कळ ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर घ्यावी, तसे न करता इंजिनाशी झटापट करणाऱ्याचा हात ते अकस्मात सुरू झाल्यास सापडू शकतो. मग वंगणतेलाची व थंड करणाऱ्या पाण्याची पातळी पाहावी. डिझेलच्या टाकीकडे विशेष लक्ष हवे. कोकणच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत बाष्प साचून तळाशी पाणी उतरते. ते खालच्या तोटीने काढून टाकावे आणि टाकी भरलेली ठेवावी.

इंजिन सुरू न होण्याचे सर्वांत साधे कारण मात्र बॅटरी हे असते. केवळ व्होल्ट मोजून भागत नाही. हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहावी. पूर्ण भारित बॅटरीत ती १.२४ ते १.२८ च्या आसपास असते. अग्रांवरचा पांढरा क्षार घासून काढावा.

पंपाच्या बाजूला सक्शनचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा हवा. टाकी पंपाच्या खालच्या पातळीवर असेल तर प्रायमिंग करून, वरची हवेची तोटी उघडून, अखंड पाणी येईपर्यंत हवा जाऊ द्यावी. पंपात हवा राहिली तर इंजिन जोरात फिरते, पण पाणी चढत नाही. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी गळणे दोष नव्हे. तेच त्याला थंड ठेवते. उत्साहाने ग्लँड आवळून टाकणारे हात अनेक ठिकाणी भेटतात!

इंजिन सुरू होताच प्रथम तेलाचा दाब पाहावा, आणि थंड करणारे पाणी बाहेर पडते आहे याची खात्री करावी. चाचणीच्या नळीचा व्हॉल्व्ह बंद असताना दाब टिपावा. मात्र त्या स्थितीत पंप फार वेळ ठेवू नये, आतले पाणी तापते. नंतर व्हॉल्व्ह सावकाश उघडून प्रवाहमापकावर पाणी मोजावे. उदाहरणार्थ, मिनिटाला २,२८० लिटर व ७ किलो दाब अशी पाटी असलेला आडवा पंप घेतला, तर बंद व्हॉल्व्हवर दाब ८.४ किलोच्या वर जाऊ नये, पूर्ण प्रवाहावर ७ किलो मिळावा, आणि दीडपट, म्हणजे ३,४२० लिटर प्रवाहावर निदान सुमारे ४.५५ किलो टिकावा. या तिसऱ्या आकड्यावर बहुतेक वेळा खरे बिंग फुटते : सक्शनची जाळी गाळाने बुजलेली असते, किंवा पंपातले चक्र झिजलेले असते.

पाणीटंचाईच्या दिवसांत एवढे पाणी सोडणे जिवावर येते, हे खरे. तथापि चाचणीची नळी परत टाकीतच सोडलेली असली तर पाणी वाया जात नाही. तशी नळी नसेल तेथे ती बसवून घेण्याचा खर्च सोसायटीने करणे इष्ट.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार मालकाने वा भोगवटादाराने यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावयाचे असते. प्रमाणपत्राबरोबर वरील तिन्ही आकडे मागावेत, आणि मागील वर्षाच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. कार्यकारिणीतील एकाने, मग तो शिक्षक असो वा कारकून, चाचणीच्या वेळी स्वतः हजर असावे.

इंजिन थांबल्यावर चाचणीचा व्हॉल्व्ह मिटवावा, इमारतीकडे जाणारा बंद केला असेल तर उघडून त्याला साखळी लावावी, डिझेल पुन्हा भरावे. नोंदवहीत तारीख, तीन दाब, इंजिनाचे फेरे आणि स्वाक्षरी यांच्या खाली अखेरची नोंद असावी : कळ पुन्हा ‘ऑटो’वर ठेवली.