पोच

काशीला पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले, की मंगला गौरीचे देऊळ लागते. या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. काशीचे तीर्थोपाध्याय यजमानापुढे वही ठेवतात. तीत नाव, गाव नि तिथी लिहिली, की यात्रेची पोच झाली. पुढे नातू येतो आणि आजोबांचे अक्षर पाहून थबकतो.

श्रोतेहो, हौशी रेडिओचालकांची रीत अशीच आहे. दोन अपरिचित माणसे बिनतारी यंत्रावर बोलतात; शब्द विरून जातात. मग ती टपालाने एकमेकांस पोस्टकार्डाएवढे पत्रक धाडतात. त्यावर संकेतनाम, तारीख, वेळ, कंपनसंख्या आणि आवाज कसा ऐकू आला, हे लिहिलेले असते. बिनतारी संकेतभाषेत त्यास 'क्यूएसएल' म्हणतात, म्हणजे पोच. आता ती संगणकावरही देता येते. परंतु शंभर देश-प्रदेशांशी बोललो, असे स्वतः सांगून मानपत्र मिळत नाही. पलीकडच्याने दुजोरा द्यावा लागतो.

कचेरीत आम्हीही अर्जावर पोचेचा शिक्का मारतो. कागद मिळाला, एवढेच तो सांगतो. ऐकले, असे म्हणत नाही. पत्रक पाठविणारा मात्र किती स्पष्ट ऐकू आले, हेही प्रांजळपणे लिहितो. खरी पोच तीच.