जवसाचं तेल आणि हाताएवढं चित्र

आज जवसावर बोलायचं आहे, पण चटणीवर नाही. जवसाच्या तेलात घोटलेल्या रंगांवर, म्हणजे तैलरंगांवर बोलू. ऑइल पेंटिंग म्हटलं की आपल्याला राजवाड्यातल्या भिंतीएवढ्या तसबिरी आठवतात, सोनेरी चौकटीतल्या. मी सांगणार आहे ती चित्रं तळहाताहून थोडी मोठी, पाच इंच बाय सात इंच. घरातल्या वस्तूंची आणि आपल्या शिवाराची.

जवसच का, ते आधी सांगते. शेंगदाण्याचं तेल कुठं सांडलं तर ते दिवसेंदिवस चिकटच राहतं. जवसाच्या तेलाचा पातळ थर मात्र हवेतला प्राणवायू घेतो आणि हळूहळू घट्ट होतो. त्याची पक्की साय धरते, ती पाण्यानं निघत नाही. रंगाची पूड या तेलात घोटली की तैलरंग झाला. पांढरा रंग कधी कधी करडईच्या तेलात घोटतात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळं पडतं. म्हणजे आपल्या रब्बीतली दोन पिकं या कलेच्या मुळाशी आहेत. घाण्यावरचं खायचं जवसाचं तेल मात्र तसंच रंगात घालू नका. त्यात गाळ आणि चिकटा असतो. चित्रासाठी शुद्ध केलेलं तेल रंगाच्या दुकानात लहान बाटलीत मिळतं.

पूर्वी हे रंग चित्रकार स्वतः घोटायचे आणि डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे. 1841 साली जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकारानं धातूची ट्यूब काढली. टूथपेस्टसारखी दाबायची आणि टोपण लावायचं. त्यामुळं रंग खिशात घालून रानात जाणं सोपं झालं.

आपल्याकडं तैलरंग रुजले ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वाटेनं. ही शाळा 1857 साली सुरू झाली. तिथं शिकून तयार झालेल्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांत अंबिका धुरंधर यांचं नाव आहे. त्यांनी पुढं 'माझी स्मरणचित्रे' नावानं आठवणीही लिहिल्या. गोव्याच्या घराण्यातल्या अँजेला त्रिंदाद याही त्याच काळातल्या. दोघींचे वडील मोठे चित्रकार होते. घरात रंग होते, तेलाचा वास होता, आणि मुलीनं ब्रश धरला तर कुणी हातातून काढून घेत नव्हतं. ज्यांच्या घरी असं नव्हतं, त्या बायांची तैलचित्रं फारशी दिसत नाहीत. त्यांच्या अंगात कला नव्हती म्हणून असं झालं, हे मला पटत नाही. मोठ्या कॅनव्हासला खोली लागते, महिने लागतात, आणि काम अर्धं टाकून उठावं लागणार नाही अशी सोय लागते. आपल्यापैकी किती जणींकडं ती आहे?

लहान बोर्डाला यातलं काही लागत नाही. पाच बाय सातचं चित्र एका बैठकीत होतं, तास दीड तासात. भाकरी उरकल्यावर, खुरपायला जायच्या आधी सुद्धा. उठावं लागलंच तर रंग लगेच वाळत नाही. ताटली झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी तोच रंग पुढं चालवा. जलरंगात ही सवलत नाही.

सामान सांगते. सुताराकडं हार्डबोर्डचे तुकडे पडलेले असतात, ते कापून घ्या. त्यावर चित्राचा पांढरा प्रायमर दोन हात द्या आणि वाळल्यावर पॉलिश पेपर फिरवा. प्रायमर नसेल तर बोर्ड तेल पिऊन टाकतो आणि रंग मेल्यासारखा दिसतो. रंग सहाच घ्या: टायटॅनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सायना, क्रिमसन आणि अल्ट्रामरीन ब्लू. पांढऱ्याची ट्यूब मोठी घ्या, ती सगळ्यात आधी संपते. तयार हिरवा घेऊ नका, काळा तर घेऊच नका. ते का, ते पुढं सांगते. तीन ताठ केसांचे ब्रश, चपटे. रंग कालवायला जुनी स्टीलची ताटली, जी परत जेवायला घ्यायची नाही.

आता वस्तूंचं चित्र. तुमच्या मुलामुलींनी शाळेतून एलिमेंटरी, इंटरमिजिएट ग्रेडची परीक्षा दिली असेल तर वस्तुचित्र, स्थिरचित्र हे शब्द तुमच्या कानावर आले असतील. तेच हे. बुटांचं किंवा बिस्किटांचं खोकं आडवं ठेवा, उघडी बाजू आपल्याकडं. एका अंगाला खिडकी किंवा दार, म्हणजे उजेड एकाच बाजूनं येईल. आत दोनच वस्तू ठेवा. एक वांगं आणि एक लसूण. नाहीतर परडी आणि कवड्यांची माळ, आपल्या तुळजापूरच्या वाटेवर दुकानादुकानात दिसते ती. कवडी काढायला घेतली की कळतं, ती पांढरी नसतेच. उजेडाकडं पिवळसर, सावलीत निळसर करडी, मधल्या फटीत तपकिरी. कोरा पांढरा रंग अगदी एका ठिपक्यापुरता लागतो, तोही शेवटी.

सुरुवातीला वांगं आहे हे विसरा. डोळे किलकिले करा आणि फक्त एवढंच बघा: सगळ्यात गडद कुठं, सगळ्यात उजळ कुठं. गडद जागा आधी भरा, रंग पातळ ठेवून. मग मधल्या. उजळ जागा शेवटी, जरा जाड रंगानं. खालचा थर कमी तेलाचा आणि वरचा जास्त तेलाचा, हा तैलरंगाचा जुना नियम. उलटं केलं तर वरचा थर आधी वाळतो आणि चित्र तडकतं.

पितळी तांब्या काढायचा असेल तर चिंचेनं लखलखीत घासून ठेवा. त्याच्या पोटात दार दिसेल, दाराचा उजेड दिसेल, आणि वाकडी तिकडी होऊन आपणही दिसू. चारशे वर्षांपूर्वी युरोपात क्लारा पेटर्स नावाची बाई चीज, मासे, ताटं, सुऱ्या अशीच चित्रं काढायची. तिच्या काही चित्रांत चकाकत्या भांड्यावर बारीक बघितलं तर तिचा स्वतःचा इवलासा चेहरा दिसतो. त्यानंतर हॉलंडमध्ये रेचल रॉयश झाली. तिला दहा मुलं झाली, आणि ऐंशी वर्षं उलटल्यावरही ती फुलांची तैलचित्रं काढत होती. तिचेही वडील शास्त्रज्ञ होते, म्हणजे घरची साथ होतीच. पण दहा मुलं ती दहा मुलं!

आता रानात जाऊ. इथं खरी अडचण रंगाची नसते. बाई शेंगा फोडत बसली, गोधडी शिवत बसली तर कुणी काही म्हणत नाही. नुसती बघत बसलेली बाई दिसली की कुणाला तरी काम आठवतं. चित्र काढताना तासभर बघावंच लागतं, त्याशिवाय ते होत नाही. मला विचाराल तर हा तास हीच यातली मोठी कमाई. म्हणून एकटीनं जाऊ नका, गटातल्या दोघी तिघी मिळून जा. बांधावर बसलात की येणारा जाणारा विचारणारच, "काय करायलात ताई? मोजणी हाय का?" कुणी म्हणेल पीकविम्याचा पंचनामा आहे का. बोर्ड दाखवा. पाच मिनिटांत तोच माणूस सांगायला लागतो की आमची विहीर पण घ्या की त्यात.

सकाळी लवकर किंवा दिवस कलताना बसा. भर दुपारी सावल्या पायाखाली जातात आणि सगळं सपाट दिसतं. बोर्ड आणि ताटली सावलीत असू द्या. उन्हात रंगवलेलं चित्र तिथं छान उजळ वाटतं, घरात आणलं की काळपट निघतं. छत्री घ्यायची तर काळी, लाल किंवा हिरवी घेतली तर तिचाच रंग बोर्डावर पडतो. आणि तास दीड तासानं थांबा, कारण तोवर सावल्या सरकलेल्या असतात.

हिरवा घेऊ नका म्हटलं, कारण आपल्या शिवारात एक हिरवा नाही. श्रावणातल्या सोयाबीनचा हिरवा पिवळ्याकडं झुकतो. कडुलिंबाचा जुना पाला निळ्याकडं. तुरीत करडी छटा असते. लेमन यलो आणि अल्ट्रामरीन कमी जास्त करून, त्यात बोटभर बर्न्ट सायना घालून हे सगळे मिळतात. वाळलेल्या ज्वारीच्या ताटांना यलो ऑकर आणि पांढरा. करडई फुलली की पिवळा आणि शेंदरी शेजारी शेजारी दिसतात. आणि काळ्या रानाला काळा रंग चालत नाही. ट्यूबमधला काळा लावला की चित्रात खड्डा पडल्यासारखं दिसतं. बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन एकत्र करा. पाऊस पडून गेला असेल तर निळा जास्त, नांगरून वाळलेलं रान असेल तर सायना जास्त आणि थोडा पांढरा. आपल्या उस्मानाबादी शेळीचंही तेच. काळीभोर शेळी उन्हात उभी राहिली की तिच्या पाठीवर आभाळाचा निळा उतरतो. लहानपणापासून शेळ्या राखल्या तरी हे सहसा दिसत नाही, रंगवायला बसल्यावर दिसतं.

बालाघाटचे डोंगर लांबून निळसर दिसतात, त्यांना जवळच्या झाडाइतका गडद रंग देऊ नका, नाहीतर डोंगर अंगावर येतो. आणि नळदुर्गचा पाणीमहाल पहिल्याच दिवशी घेऊ नका. दगड मोजता मोजता ऊन जाईल. एक बांध, एक कडुलिंब आणि वर आभाळ, पहिल्या दहा चित्रांना एवढं पुष्कळ आहे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, 1931 साली गेले, ते कोटीतीर्थ तळ्याच्या काठी राहायचे आणि तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवायचे. तळं तेच असलं तरी उजेड रोज वेगळा असतो.

आपल्या भागात घाई करावी असंही काही आहे. रस्ते रुंद होताना कडेची जुनी झाडं गेली. माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. तुळजापूरला रेल्वे येते आहे. यातलं चांगलं काय, वाईट काय, तो आजचा विषय नाही. पण तुमच्या विहिरीवरचं चिंचेचं झाड पुढच्या वर्षी असेलच असं नाही, तेव्हा त्याच्यापासून सुरुवात करा.

आता एक गोष्ट नीट ऐका, आणि गटात सगळ्यांना सांगा. जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत. तेल घट्ट होताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते, आणि काडी न लावता चिंधी पेटू शकते. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. दुसरं, टर्पेंटाइन. ते पाण्यासारखं दिसतं, म्हणून पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. लहान मूल पिऊन टाकेल. चुलीजवळ, गॅसजवळ ते उघडू नका, खोलीत वारा खेळता ठेवा. खरं तर ब्रश धुवायला ते लागतच नाही. ब्रश चिंधीवर पुसा, उरलेल्या शेंगदाणा तेलात घोळवा, परत पुसा, मग साबणानं धुवा. चित्रात न चालणारं तेल इथं कामाला येतं. ब्रश तोंडात धरायचा नाही, आणि हात धुतल्याशिवाय पीठ मळायचं नाही.

विकलं जाईल का, हा प्रश्न येणारच. कधी एखादं जाईल. पण या भरवशावर गटाचं कर्ज उचलू नका, मी तसं सांगणार नाही. पापड, शेळ्या, शिलाई यांचा हिशेब वेगळा आणि याचा वेगळा. चौघी पाच जणींनी मिळून रंगांचा एक संच घ्यावा. एवढ्या लहान चित्रांना तो बरेच दिवस पुरतो, आणि एकीची ट्यूब संपली म्हणून काम अडत नाही.

झालेलं चित्र लगेच काचेत घालू नका. पातळ रंग आठ पंधरा दिवसांत हाताला लागेनासा होतो, जाड रंगाला महिनाही लागतो. चैत्रातल्या वाऱ्यात धूळ चिकटते, म्हणून खोक्यात उभं करून वर जाळीचं फडकं टाका, पण पेटीत बंद करून अंधारात ठेवू नका, जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. वार्निश सहा महिन्यांनंतर. आणि वाळायला ठेवायच्या आधी बोर्डाच्या मागं पेन्सिलनं लिहा: कुठलं शिवार, कुठली विहीर, तारीख, सकाळ की संध्याकाळ, आणि खाली तुमचं नाव.