पायाआधी मातीची परीक्षा



घर बांधायचे ठरले की आपल्याकडे जागा, दिशा व मुहूर्त पाहिला जातो. नारळ फुटतो आणि जोत्याचे खणकाम सुरू होते. ज्या मातीवर घर उभे राहावयाचे, ती मात्र पाहायची राहून जाते.

वास्तविक मातीची परीक्षा ही काही परकी गोष्ट नव्हे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ती सांगितली आहे. घराच्या जागी हातभर खड्डा खणून निघालेली माती त्यातच परत भरावी. माती उरली तर जागा उत्तम, कमी पडली तर वाईट. दुसरी कसोटी पाण्याची. खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन यावे. पाणी घटले नाही तर जागा चांगली. भुसभुशीत जमीन ओळखण्याची ही सोपी युक्ती होय.

परंतु कामोठ्यासारख्या खाडीकाठच्या गावी ही हातभर परीक्षा पुरी पडत नाही. अशा भागात वर टणक थर किंवा मुरूम असतो आणि खाली खाडीच्या गाळाची मऊ चिकणमाती निघते. या मातीतून पाणी फार सावकाश झिरपते. म्हणजे पाण्याच्या कसोटीला ती उतरेल. पण भाराखाली अधिक दबणारी माती हीच! तिच्या कणांमधील पाणी भाराने हळूहळू बाहेर पडते आणि जमीन वर्षानुवर्षे खचत राहते. कार्ल टेर्झागी या शास्त्रज्ञाने १९२५ साली याची उपपत्ती मांडली. सारे घर सारखे खचले तर एक वेळ निभावते. एक कोपरा अधिक खचला, की खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा पडू लागतात.

भराव घातला म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. एक मीटर मुरुमाचा भराव दर चौरस मीटरला सुमारे पावणेदोन टन भार खालच्या गाळावर टाकतो.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे येथील भातशेतीच्या जागी वसाहत उभी राहिली. कौलारू घरांच्या जागी मजले चढले. बैठ्या घराचा भार ज्या जमिनीने सोसला, ती तीन मजल्यांचाही सोसेल, असे गृहीत धरू नये. शेजाऱ्याचे घर नीट उभे आहे, हाही पुरावा नव्हे.

परीक्षेची रीत अवघड नाही. बोअर घेताना ६३.५ किलोचा घण ७५ सेंटिमीटरवरून टाकतात आणि नळी ३० सेंटिमीटर आत जाण्यास किती ठोके लागले ते मोजतात. ठोके थोडे, तर माती मऊ. नमुने प्रयोगशाळेत तपासतात. लहान घरास मध्यभागी एक बोअरही पुरतो. मात्र तो मऊ थर ओलांडून खाली गेला पाहिजे. भूजलातील क्षारही तपासून घ्यावेत, कारण खाऱ्या पाण्याने सळई गंजते. अहवाल पाहून साधा पाया, सलग राफ्ट की कातळापर्यंत पाइल, हे अभियंत्याने ठरवावे.

खचलेला पाया घराखाली शिरून दुरुस्त करणे फार जिकिरीचे व खर्चाचे. फरशी, रंग पुढे बदलता येतात. पाया एकदाच भरला जातो. म्हणून आयुष्याची कमाई जमिनीत घालण्यापूर्वी त्या जमिनीचा ठाव घ्यावा आणि मगच नारळ फोडावा, ही सर्वांना विनंती.